नेमणूकराव

लोणावळ्याच्या पोस्टात मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी मला खिडकीपलीकडून पार गप्प केलं. उंच, किडकिडीत, काळी टोपी, उन्हाळ्यातही कोटाची सगळी बटणं लावलेली. तिकिटं घ्यायला आले होते. मी गावात नवखा. ओळखी व्हाव्यात म्हणून बोलायला गेलो, "तुमच्या शेजारचे मास्तर आजारी आहेत म्हणे. आता कसं आहे त्यांचं?"

"त्यांनी मला सांगायला नेमलेलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे प्रकृती त्यांची आहे. त्यांना विचारा. घरीच असतात." आणि तिकिटं पाकिटात नीट ठेवून ते चालते झाले.

माझ्या शेजारचा सॉर्टर इतका हसला की त्याच्या हातातलं टपाल खाली पडलं. "भेटले वाटतं नेमणूकराव!" तो म्हणाला. हे नाव गावाने ठेवलेलं. खरं नाव मला पुढे पत्रांवरून कळलं, पण ते इथे लिहीत नाही. त्यांना विचारल्याशिवाय लिहिलेलं त्यांना चाललं नसतं, आणि आता विचारायची सोय नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची ही सात-आठ वर्षं. नेमणूकराव बाजारामागच्या दोन खोल्यांत बायकोसह राहत आणि घरी टाइपरायटर ठेवून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांचं इंग्रजी असं की कचेरीतले साहेब अर्ज वाचून लिहिणाऱ्याची चौकशी करत. पण अर्ज लिहून घेणं सोपं नव्हतं. माणूस समोर बसला की पहिला प्रश्न, "हे तुमचं म्हणणं आहे, की तुम्हाला कुणी म्हणायला सांगितलंय?" दुसरा प्रश्न, "अर्जात 'आम्ही' लिहायचं म्हणता. आम्ही म्हणजे कोण कोण? त्यांना बोलवा." पुष्कळ जण तिथूनच उठून जात. जे टिकत त्यांचा अर्ज मात्र पक्का होई.

दुसऱ्याच्या वतीने बोलणं हा त्यांच्या लेखी जगातला सगळ्यांत मोठा गुन्हा होता. पुण्याला निघाले की लोक सहज म्हणत, "तिकडे आमच्या मेव्हण्यांना नमस्कार सांगा हं." नेमणूकराव तिथेच थांबून वही काढत. कुणाचा, कुणाला, कोणत्या शब्दांत, सगळं लिहून घेत, वाचून दाखवत आणि खाली सही घेत. चिक्की विकणाऱ्या गुडदाणीवाल्याला त्यांनी एकदा विचारलं, "नमस्कार साधा, की मनापासून?" तो घाईत होता, "साधा सांगा हो," म्हणाला. नेमणूकरावांनी पुण्याला जाऊन त्याच्या मेव्हण्याला सांगितलं, "आपल्याला साधा नमस्कार सांगितला आहे." त्या दोन घरांत पुढचं वर्षभर जाणंयेणं बंद होतं. गुडदाणीवाला भांडायला आला, तर यांनी वही उघडून त्याला त्याची सही दाखवली.

गावात सभा-समारंभ पुष्कळ होत. मुंबईचे बडे लोक हवा खायला येत, आणि त्यांना हार घालायला आमच्याकडे ठरलेली चार माणसं होती. एका समारंभात त्यांतले एक जण उभे राहिले. "समस्त लोणावळेकरांच्या वतीने," असं त्यांनी म्हणताच मागच्या रांगेतून नेमणूकराव उठले. "मला विचारलेलं नाही. माझ्यापुरतं वगळावं," म्हणाले आणि शांतपणे बसले. पाहुणे बावरले. वक्त्यांनी घाम पुसला. पुढच्या समारंभात ते वक्ते हुशार झाले होते. "एक गृहस्थ वगळून समस्त लोणावळेकरांच्या वतीने," अशी त्यांनी सुरुवात केली. नेमणूकरावांनी मागून टाळ्या वाजवल्या. त्यांना तो टोमणा कळला नाही असं लोक म्हणत. मला विचाराल तर कळला होता, पण वाक्य अचूक झालं याचा आनंद त्याहून मोठा होता.

मला हळूहळू त्यांचा लळा लागला. संध्याकाळी पोस्ट बंद झालं की मी त्यांच्या घरी चहाला जाई. त्यांच्या पत्नी भारी गमतीच्या. एकदा मी विचारलं, "वहिनी, यांना लाडू आवडतात का?" तर त्या म्हणाल्या, "मला सांगायला नेमलेलं नाही हो!" आणि आम्ही तिघंही हसलो. मग त्यांनीच मला एक हकीकत सांगितली. नवऱ्याचं हे नेमणुकीचं वेड नवीन होतं तेव्हा त्या एकदा चिडून म्हणाल्या होत्या, "जगाला विचारत सुटलात. आपलं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं? माझ्या मामांनी परस्पर हो म्हटलं." नेमणूकराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी कोट-टोपी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तेव्हा राहून गेलं. आज विचारतो. मी तुला चालेन का?" लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, घाई करू नका, विचार करून सांगते." वहिनींनी कपबशा उचलल्या. "अजून विचार चाललाय."

नेमणूकराव खाली बघून हसत होते. इतकं लाजलेलं त्यांना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

या वेडाचं मूळ मला त्याच घरात कळलं. नेमणूकराव आधी मुंबईला सरकारी कचेरीत लघुलेखक होते. पहिल्या महायुद्धानंतर, पुन्हा तशी लढाई होऊ नये म्हणून जगातल्या देशांनी जिनिव्हाला एक सभा सुरू केली होती. हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही त्या सभेत त्याच्या नावाची खुर्ची होती. एका वर्षी आपल्याकडून गेलेल्या प्रतिनिधींबरोबर कारकून म्हणून यांना पाठवलं.

"तिथली पद्धत अशी," ते मला सांगत, आणि सांगताना टेबलावरची दौत, टाचण्यांची डबी, चष्मा असे देश मांडत. "प्रत्येक देशाने तीनपर्यंत माणसं पाठवायची. मत मात्र देशाला एकच. माणूस आला की त्याने आधी अधिकारपत्र द्यायचं. याला आमच्या देशाने आमच्या वतीने बोलायला नेमलं आहे, असा सहीशिक्क्याचा कागद. ते कागद तपासायला वेगळी समिती. कागदात खोट निघाली तर कितीही मोठा माणूस असो, खुर्ची नाही."

आपल्या तिघांचे कागद असलेली चामडी पेटी यांच्याकडे होती. तिघांत एक इंग्रज, एक संस्थानिक, एक सर पदवी मिळालेले विद्वान. नावं विलायतेत ठरलेली, खाली विलायतेतल्या मंत्र्यांची सही. रांगेत यांच्या पुढे एका लहानशा देशाचा कारकून उभा होता. त्यांचे प्रतिनिधी त्यांच्या लोकांनी निवडलेल्या सरकारने नेमले होते. त्याने सहज, गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "तुमच्याकडे कोण नेमतं?"

"मी पेटी उघडून कागद पुन्हा वाचला," नेमणूकराव म्हणाले. "वाटलं, आपल्या लोकांनी नेमल्याचं कुठेतरी लिहिलेलं असेल. समितीने तो कागद एका मिनिटात मान्य केला. कायद्याने त्यात चूक नव्हतीच. मग महिनाभर मी सभेत बसून भाषणं टिपली. 'हिंदुस्थानच्या वतीने', 'हिंदुस्थानच्या वतीने'. लघुलिपीत त्याला एकच खूण लागते. ती काढताना दर वेळी मला माझी आई दिसायची. तिला विचारलं होतं का हो कुणी? मला विचारलं होतं?"

परत आल्यावर त्यांनी नोकरी सोडली. लोक म्हणाले, परदेशी जाऊन डोकं फिरलं. मीही थोडाफार तसाच समज करून घेतला होता. माणूस मोठा, पण वेड ते वेड, असं मी मनात धरून चाललो होतो. मळवलीच्या वाटेचं प्रकरण घडलं आणि माझा समज मला मागे घ्यावा लागला.

मळवली स्टेशनच्या वर डोंगराच्या पदरात एक वाडी होती. चाळीसेक माणसांची. दूध, मोळ्या, करवंदं-जांभळं घेऊन तिथल्या बायका रोज एका पायवाटेने स्टेशनवर उतरत. मुंबईच्या एका शेटनी मधली जागा घेऊन बंगला बांधला आणि वाट कुंपणात गेली. दुसरी वाट ओढ्याला वळसा घालून, दोन तास जास्त. शेटनी वाट कायमची बंद करायला अर्ज दिला, आणि खालच्या गावच्या पाटलांनी 'वाडीची हरकत नाही' असं लिहून दिलं. आता प्रांतसाहेब स्वतः जागेवर येऊन निकाल देणार होते.

वाडीची चिमामावशी दूध घालायला लोणावळ्यापर्यंत येई. साठीची, काटक, बोलायला फटकळ. ती नेमणूकरावांकडे आली तेव्हा मी तिथेच होतो.

"भाऊ, तुमाला सायबाची बोली येती. आमच्या वतीनं तुमी बोला," ती म्हणाली.

"तुम्हाला वाडीने पाठवलंय?"

"पाटवाया कशाला पायजे? माझं मीच आले."

"मग तुम्हाला एकट्याने मला नेमता येणार नाही. रविवारी मी वर येतो. सगळ्यांना बसवा."

"अगं बया!" मावशी माझ्याकडे बघून म्हणाली. "ह्यो मानूस मदत करतूय का परीक्षा घेतूय?"

रविवारी आम्ही गेलो. मला त्यांनी लेखनिक म्हणून घेतलं होतं, आणि त्याचीही वाडीकडून वेगळी मंजुरी घेतली. सगळी माणसं अंगणात बसवली. एकेकाला विचारलं, अगदी सासूसमोर सुनेलासुद्धा. मग कागद झाला. 'वाट बंद होऊ नये, एवढंच सांगण्यास आम्ही यांना नेमले आहे.' खाली सह्यांच्या जागी अंगठे. एका म्हाताऱ्या आबांनी अंगठा उठवून तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "आजवर अंगटा दिला तो कायतरी सोडायाच. आज पैल्यांदा मागाया दिला."

सुनावणीच्या दिवशी मी रजा घेतली. स्टेशनबाहेर आंब्याखाली टेबल मांडलं होतं. प्रांतसाहेब आपल्याकडचेच, तरुण, चारच्या गाडीने पुण्याला परतायच्या घाईत. वाडीला बोलावणं नव्हतंच; तिच्या नावाने पाटील आधी बोलले. माणूस वाईट नव्हता. खरोखरच त्यांना आपलं म्हणणं बरोबर वाटत होतं.

"सायेब, वाडी म्हंजे आमचीच मान्सं. माझ्या आज्यापासनं त्यांचं आमीच बगतो. त्यांच्या वतीनं मी व्हय म्हनलंय, त्यात काय इचारायचं?"

नेमणूकराव उठले आणि अंगठ्यांचा कागद टेबलावर ठेवला. "पाटीलसाहेबांना कधी नेमलं ते त्यांनी दाखवावं. मला रविवारी नेमलं आहे."

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा बदलला. नंतरचा अर्धा तास नेमणूकराव जे इंग्रजीत बोलले, ते ऐकताना माझी लेखणी थांबली. नकाशा, जुनी वहिवाट, कायद्याचं कलम, आवाज कुठे चढला नाही. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. वाट बंद नको. कुंपणाला फाटक ठेवू. सूर्योदय ते सूर्यास्त उघडं, मग कुलूप. किल्ली बंगल्याच्या माळ्याकडे. शेटजींचे कारभारी तयार आहेत. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता हुकूम लिहितो."

मला वाटलं, जिंकलो. पाटीलसुद्धा मान डोलावू लागले. आणि नेमणूकराव म्हणाले, "फाटकाबद्दल मला नेमलेलं नाही. वाडीला विचारून सांगतो."

"अहो, वाडी वर आहे! चारला माझी गाडी आहे!"

"दीड वाजलाय. मी निघतो."

"तुम्हाला बरं वाटतंय ना हे? मग झालं तर!"

"मला बरं वाटतंय," नेमणूकराव म्हणाले. "मला कुठे दूध घेऊन उतरायचंय?"

मी त्यांचा हात धरला. "अहो, हातचं जाईल. साहेब निघून गेले की पुन्हा यायचे नाहीत. एवढं चांगलं मिळतंय, हो म्हणून टाका. ते कुठे नाही म्हणणार आहेत?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मला त्या क्षणी माझीच शरम वाटली. "सगळे असंच म्हणतात," एवढंच ते बोलले, आणि कोटाची बटणं न काढता, कुंपण ओलांडून जुन्याच वाटेने डोंगर चढू लागले. वय साठीच्या पुढे, वैशाखाचं ऊन. मी टेबलाशी उभा राहून ती काळी टोपी झुडपांत दिसेनाशी होईपर्यंत पाहत होतो. ते पडतील अशी मला भीती वाटत होती, आणि वाट गेली अशी खात्री.

तीन वाजले. साडेतीन झाले. साहेबांनी हुकमाचा कागद पुढे ओढला, थोडं लिहिलं, थांबले. पावणेचारला ते उठून फलाटावर गेले, शिपायाने बॅग घेतली. मी मागोमाग गेलो.

तेवढ्यात पाटील म्हणाले, "ह्ये काय इपरीत?"

उतारावरून माणसं येत होती. पुढे दोन गडी, त्यांच्या खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी, आणि झोळीत नेमणूकराव. एक पाय फडक्याने बांधलेला. मागे चिमामावशी, मागे बायका, कडेवर पोरं, काठी टेकत ते आबा. सगळी वाडी कुंपण ओलांडून खाली उतरत होती. फलाटावर आल्यावर त्यांनी झोळी हलकेच खाली ठेवली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पाय मुरगाळला. मी वर जाऊन विचारलं," नेमणूकराव धापा टाकत म्हणाले. "त्यांनी सांगितलं—"

"तुमी ऱ्हावा भाऊ, दम खावा," चिमामावशीने त्यांना थांबवलं आणि ती साहेबांसमोर उभी राहिली. "सायेब, फाटक ऱ्हाऊ द्या. कुलूप नको. ह्ये बगा, आजारी मानूस आमी असाच आनतो. बाई अडली तरी असंच. माळी जेवाया गेला, किल्ली घिऊन कुटं बाजारला गेला, तर झोळी कुटं ठेवायची? ही गोष्ट ह्या भाऊला ठावी न्हवती. आन् आमाला कुनी इचारलं न्हवतं."

साहेब झोळीकडे बघत राहिले. मग त्या बांधलेल्या पायाकडे. नेमणूकरावांनी खाली हो म्हटलं असतं तर कुलूप आलं असतं, हे मला तेव्हा समजलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

फाटकाला कडी राहिली, कुलूप लागलं नाही. पुढे रीतसर हुकूम निघाला आणि मी लोणावळा सोडलं तेव्हाही त्या वाटेने बायका उतरत होत्या. पण त्या दिवशी फलाटावर आणखी थोडं घडायचं होतं.

साहेब विचार करून म्हणाले, "बरं. कडी ठेवू. मात्र एक अट. गुरं या वाटेने न्यायची नाहीत, शेटजींची बाग आहे." आणि सवयीने ते झोळीकडे वळले. "मान्य आहे ना? सांगा लवकर, गाडी आली."

गाडी खरंच वळणावर दिसत होती. नेमणूकराव कोपरावर उठून बसले.

"मला विचारू नका साहेब. नेमणारेच आलेत. माझी नेमणूक संपली."

साहेबांनी हॅट काढून हातात घेतली आणि चिमामावशीकडे वळून म्हणाले, "मावशी, तुम्हाला मान्य आहे?"

मावशीने तोंड उघडलं, मिटलं. तिने एकदा झोळीतल्या माणसाकडे पाहिलं.

"थांबा सायेब, इचारते," ती म्हणाली आणि मागे वळून फलाटावर बसलेल्या चाळीस माणसांत शिरली.

गाडी येऊन थांबली. शिपाई बॅग चढवायला निघाला, तर साहेबांनी त्याला हाताने थांबवलं आणि ते बाकावर बसले. शिट्टी झाली, गाडी सुटली, शेवटचा डबाही पुढे गेला. चिमामावशी अजून एकेकाला विचारत होती.